सैल दोरी

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे एक उजाड गाव आहे. जिल्हा अहमदनगर या नावाने ओळखला जात होता त्या काळी, म्हणजे १९७४ साली, तेथील जमिनीत ब्राँझच्या चार जड वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा दोन बैलांचा रथ. बहुतेक अभ्यासक या वस्तू साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथाची लांबी अवघी ४५ सेंटीमीटर. त्यात एक पुरुष उभा आहे, पुढे जुवाला जोडलेले दोन बैल आहेत, आणि रथाच्या लांब दांडीवर, धन्याच्या पुढ्यात, एक लहानसा कुत्रा उभा आहे.

बैलांना जू आहे, हे समजण्यासारखे आहे. त्यांना रथ ओढायचा आहे. कुत्र्याला काही ओढायचे नाही. तो केवळ सोबत निघाला आहे. त्या अज्ञात कारागिराला रथ, बैल आणि सारथी एवढे दाखवूनही काम भागवता आले असते. पण कुत्रा वगळून प्रवासाचे चित्र पुरे होत नाही असे त्याला वाटले असावे.

माणूस आणि कुत्रा यांनी बरोबर चालण्याची रीत याहूनही फार जुनी आहे. अरबस्तानच्या वाळवंटातील खडकांवर काही हजार वर्षांपूर्वी कोरलेली शिकारीची चित्रे आहेत. त्यांतील काही कुत्र्यांच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेघ ओढलेली दिसते. ती रेघ म्हणजे दोरी होय, असे अभ्यासकांचे मत आहे. कुत्र्याची दोरी जगात कोणी प्रथम वळली हे कोणास ठाऊक. परंतु ती वळली गेली त्याच दिवशी ‘कुत्रा ओढतो’ ही तक्रारही जन्मास आली असावी.

ही तक्रार ज्याच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही असा एक माणूस याच जिल्ह्यात भेटतो. तो म्हणजे मेंढपाळ धनगर. पारनेर, संगमनेर या तालुक्यांच्या माळरानांवरून मेंढ्यांचे कळप चाऱ्याच्या शोधात निघतात. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, कोकरे जाळीत, आणि कळपाच्या मागेपुढे दोनतीन कुत्री. त्यांच्यापैकी एखाद्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो. कारण लांडगा आणि बिबट्या प्रथम गळाच धरतात. पट्टा आहे, पण पट्ट्याला दोरी नाही. तरीही ते कुत्रे कळप सोडून भलतीकडे जात नाही. पिल्लू असल्यापासून ते मेंढ्यांत वाढलेले असते, जाणत्या कुत्र्यांच्या पाठोपाठ हिंडलेले असते, आणि दिवसभर मनसोक्त चालून त्याच्या पायांची हौस फिटलेली असते. धनी जेथे आहे तेथेच त्याचे काम असते आणि भाकरीही तेथेच मिळते. मग त्याने ओढायचे कशासाठी?

गावातल्या कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. समजा, राहुरीच्या शिवारातील एका वस्तीवर बारा वर्षांचा एक मुलगा आहे आणि त्याच्याजवळ वर्षाचा, अंगाने भरलेला एक तांबडा कुत्रा आहे. दिवसभर कुत्रा गोठ्यापाशी साखळीला बांधलेला असतो. संध्याकाळी मुलगा साखळी सोडून दोरी लावतो आणि त्याला पाटाच्या वाटेने फिरवायला नेतो. खरे म्हणजे कुत्राच मुलाला नेतो. मान पुढे, दोरी ताठ, घशातून घरघर, आणि मागून टाचा रोवीत मुलगा. वाट सरळ असेल तोवर ही गंमत वाटते. पण गाळपाचा हंगाम सुरू झाला, की श्रीरामपूर, राहुरी, कोपरगावकडचे रस्ते उसाच्या गाड्यांनी आणि दोनदोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. पलीकडच्या बांधावर मांजर दिसले आणि कुत्र्याने हिसका दिला, तर दोरीच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा कोठे जाऊन पडेल?

“आजोबा, हा मला फार ओढतो!” असे मुलगा घरी येऊन सांगतो.

“अरे, तोही तुझ्याविषयी हेच म्हणत असेल,” असे आजोबा म्हणतात.

आजोबांच्या या बोलण्यात थट्टा आहे, तसेच बरेचसे शास्त्रही आहे.

कुत्रा मुळात का ओढतो, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाची नेहमीची चाल तासाला सुमारे ५ किलोमीटर असते. मध्यम बांध्याच्या कुत्र्याची स्वाभाविक दुडकी चाल याहून जलद असते. चार पायांच्या प्राण्याने दोन पायांच्या प्राण्याच्या गतीने चालणे म्हणजे एखाद्या चपळ मुलाने पणजीच्या बोटाला धरून देवळात जाण्यासारखे आहे. प्रेम कितीही असले तरी पाय पुढे पडायचेच. दुसरे कारण नाकाचे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे कमीअधिक, त्या १० ते ३० कोटी असतात. माणसाला जी केवळ धुळीची वाट दिसते, तिच्यावर कुत्र्याला सकाळपासून कोण कोण गेले याचा सारा वृत्तांत मांडून ठेवलेला असतो. असे वर्तमानपत्र उघडे पडलेले असताना कोण मागे रेंगाळेल?

परंतु तिसरे कारण या दोहोंहून महत्त्वाचे आहे. कुत्रा ओढतो, कारण ओढल्याने त्याचे काम होते.

थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला तो एका पेटीत कोंडी व बाहेर अन्न ठेवी. आतली कडी किंवा दोरी हलली की दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडे, चावे, उड्या मारी, आणि या धडपडीत कधीतरी योगायोगाने कडीला धक्का लागून सुटे. पुन्हा कोंडले, की थोडे लवकर सुटे. बऱ्याच वेळा असे झाल्यावर मांजर आत शिरताच सरळ कडीकडे जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती टिकते; जिच्याने काहीच हाती लागत नाही, ती गळून पडते. या नियमाला पुढे ‘परिणामाचा नियम’ असे नाव मिळाले.

आता राहुरीच्या त्या कुत्र्याकडे पाहावे. त्याने दोरी ताणली, मुलगा चार पावले पुढे आला आणि कुत्र्याला हवा तो बांध गाठता आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज संध्याकाळी अर्धा तास, या हिशेबाने महिन्यात पंधरा तास त्या कुत्र्याला एकच धडा मिळाला, ‘दोरी ताठ केली की वाट पुढे सरकते.’ मुलगा तोंडाने ‘थांब, थांब’ म्हणत होता; पण पाय मात्र कुत्र्याच्या मागे जात होते. कुत्र्याने बोलण्यावर नव्हे, पायांवर विश्वास ठेवला. यात कुत्र्याचा हट्टीपणा काय? तो तर अत्यंत लक्ष देऊन शिकणारा विद्यार्थी ठरला.

मुलाने चिडून दोरी मागे खेचली तर काय होते? कोणत्याही प्राण्याला एका बाजूने सतत ओढले, की तो तोल सावरण्यासाठी आपोआप विरुद्ध बाजूला जोर लावतो. रस्सीखेचीत उभी असलेली मुले हेच करतात. दोरी मागे खेचलेली राहिली, म्हणजे कुत्रा पुढे रेलून चालू लागतो. तो रेलतो म्हणून मुलगा आणखी मागे खेचतो. दोघेही दुसऱ्याला दोष देतात आणि दोघेही ओढतच असतात. आजोबांच्या थट्टेचा अर्थ हाच होता.

येथे शेतकऱ्याच्या घरातील मुलांना एक गोष्ट सहज उमगेल. बैलाकडून ओढून घ्यायचे असते तेव्हा जू त्याच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकवतात. कारण तेथे भार घेऊन त्याला साऱ्या अंगाचा जोर लावता येतो. पण त्याला वळवायचे असते तेव्हा कोणी जुवाला धरून ओढत नाही. त्यासाठी वेसणीला बांधलेला कासरा असतो. जाणता गाडीवान कासरा हातात सैल ठेवतो, वळणावर किंचित उचलतो आणि बैल वळला की लगेच सोडून देतो. मुद्दा त्या सोडून देण्याचा आहे. सारा वेळ कासरा ताणून धरणाऱ्याच्या बैलाला, ताण कधी सूचना म्हणून आहे आणि कधी उगाच आहे, हे कळेनासे होते.

कुत्र्याच्या बाबतीतही बंध कोठे बांधला आहे याला मोठे महत्त्व आहे. ध्रुवप्रदेशात घसरगाडीच्या कुत्र्यांना छातीवरून व पाठीवरून पट्टे बांधतात आणि ओढण्याची दोरी मागच्या बाजूला जोडतात. त्यामुळे भार छातीवर येतो, गळा मोकळा राहतो आणि कुत्रा आनंदाने ओढतो. रोआल्ड आमुंडसेन हा नॉर्वेचा संशोधक १९११ साली अशाच कुत्र्यांच्या बळावर दक्षिण ध्रुवावर पोहोचला. सांगायचे एवढेच, की तसाच पाठीवर कडी असलेला पट्टा बाजारातून आणून वस्तीवरच्या कुत्र्याला घातला आणि ‘आता हा ओढायचा थांबेल’ असे मानले, तर निराशा ठरलेली. तो पट्टा ओढण्यासाठीच सोयीचा आहे. दुकानात यालाच हार्नेस म्हणतात. त्याचा एक प्रकार मात्र निराळा असतो. त्यात दोरीची कडी छातीच्या पुढच्या बाजूस असते. कुत्र्याने जोर केला, की पुढच्या कडीला बसलेला ताण त्याला बाजूला वळवतो आणि त्याचे तोंड धन्याकडे फिरते. ओढून पुढे जाता येत नाही, उलट मागे वळावे लागते. कासऱ्याचेच तत्त्व येथे नाक न टोचता साधलेले आहे. त्यातही हे साधन म्हणजे शिक्षण नव्हे. पट्टा ओढणे अवघड करतो. कसे चालावे हे तो सांगत नाही.

गळपट्ट्यालाच दोरी लावायची, तर कुत्र्याचा गळा कसा बनलेला आहे हे ध्यानात असावे. मानेत पुढच्या बाजूला श्वासनलिका आहे, बाजूंनी रक्तवाहिन्या आहेत. पट्ट्यावर ताण आला की घरघर होते आणि खोकला येतो, ते यामुळे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कुत्रा गळपट्ट्याविरुद्ध ओढत असताना त्याच्या डोळ्यांच्या आतला दाब वाढतो. छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही. ताण पडताच आवळणारी साखळी वापरण्याची चाल एके काळी फार होती. कोनराड मोस्ट या जर्मन शिक्षकाने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर जे पुस्तक लिहिले, त्यात झटक्याला आणि शिक्षेला मोठे स्थान होते, आणि कितीतरी देशांच्या सैन्यांतून व पोलीस दलांतून ती पद्धत पुढे चालत राहिली. झटक्याने कुत्रा थांबतो हे खोटे नाही. पण तो कशाला भिऊन थांबला हे झटका देणाऱ्याला ठाऊक नसते. समोरून शाळकरी मूल येत असताना कुत्र्याने हिसका दिला आणि त्याच क्षणी गळा आवळला, तर दुखण्याचा संबंध तो आपल्या हिसक्याशी जोडील की त्या मुलाशी? पुढे तो मुलांवर गुरगुरू लागला, म्हणजे घरचे लोक आश्चर्य करीत बसतात.

शिकवण्याची रीत साधी आहे. तिला केवळ धीर फार लागतो.

दोरी सुताची किंवा नायलॉनच्या पट्टीची, सुमारे दोन मीटर लांब असावी. बारीक सुतळी हाताला कापते आणि लोखंडी साखळीच्या वजनाने कुत्र्याला ताण आणि सैलपणा यांतला फरक कळत नाही. कळ दाबली की आत गुंडाळणारी दोरीही याच कारणासाठी नको. तिची स्प्रिंग सदैव किंचित ओढीत राहते, त्यामुळे सैल दोरी म्हणजे काय हे त्या कुत्र्याला जन्मात समजत नाही. गळपट्ट्याखाली दोन बोटे सहज जातील इतका तो सैल असावा. दोरीचे टोक मनगटाला गुंडाळू नये. अंगठ्यात अडकवून मुठीत धरावे, म्हणजे प्रसंग आला तर सोडता येते. खिशात सुक्या भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे असावेत. कांदा मात्र अजिबात देऊ नये. कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षेही कुत्र्याला विषासारखी आहेत.

पहिला धडा रस्त्यावर नव्हे, अंगणात. तेथे मांजर नाही, वाहन नाही, नवा वास नाही. मुलाने कुत्र्याला जवळ घेऊन उभे राहावे. दोरीला मधोमध झोळ पडलेला असावा, पाळण्याच्या दोरीसारखा. एक पाऊल टाकावे. कुत्रा बाजूला आला, की लगेच गुडघ्यापाशी हात नेऊन तेथे भाकरीचा तुकडा द्यावा. तुकडा नेहमी त्याच जागी मिळाला पाहिजे. आठवड्याभरात कुत्र्याच्या मनात त्या जागेविषयी मोठा आदर निर्माण होतो.

मग फाटकाबाहेर. कुत्रा पुढे झेपावला आणि दोरी ताठ झाली, की मुलाने जागच्या जागी उभे राहायचे. ओरडायचे नाही, मागे खेचायचे नाही, कुत्र्याकडे रागाने पाहायचेही नाही. बांधावरचा बाभळीचा बुंधा जसा उभा असतो तसे. कुत्रा थोडा वेळ जोर करील, इकडे तिकडे पाहील, आणि हे झाड अचानक का उगवले म्हणून मागे वळेल. त्या वळण्याने दोरीला झोळ पडेल. झोळ पडला त्याच क्षणी चालू लागायचे. क्षणाचाही उशीर नको. कारण कुत्र्याला ‘वाट कशाने उघडली’ हे त्या एका क्षणातच कळायचे असते. चार पावलांवर दोरी पुन्हा ताठ होईल. पुन्हा थांबायचे. कधी नुसते थांबून भागत नाही, तेव्हा शांतपणे पाठ फिरवून उलट्या दिशेला चार पावले जायचे आणि कुत्रा बरोबरीला आला की पुन्हा मूळ वाटेला लागायचे.

पहिल्या दिवशी पन्नास पावलांना पाव तास लागला, तर नवल मानू नये. शेजारच्या वस्तीवरचे लोक विचारतील, की हा मुलगा रस्त्यात पुतळ्यासारखा का उभा राहतो. विचारू द्यावे. पाच ते दहा मिनिटांच्या वर एक धडा लांबवू नये; थकलेला विद्यार्थी शिकत नाही आणि थकलेला शिक्षक चिडतो. उन्हाळ्यात तर हे काम पहाटेच करावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे डांबर असे तापते, की त्यावर हाताची मागची बाजू काही क्षणही टेकवत नाही. कुत्र्याच्या पायात तर चप्पल नसते.

या रीतीने वागूनही पुष्कळांचे कुत्रे ओढायचे थांबत नाहीत. चूक बहुधा कुत्र्याची नसते आणि त्या मुलाचीही नसते. सकाळी मुलगा दोरी ताणली की थांबतो. संध्याकाळी त्याच्या ताईला घाई असते. ती कुत्र्यामागून धावत जाते. रविवारी काका येतात आणि ‘बघा कसा जोरदार आहे!’ म्हणून त्याला मुद्दाम ओढू देतात. घरातील मंडळींना वाटते, की चारांपैकी तीन वेळा तरी शिस्त पाळली गेली, म्हणजे बारा आणे काम झाले. प्रत्यक्षात उलटे होते. फर्स्टर आणि स्किनर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५७ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कबुतरांना एका चकतीवर चोच मारायला लावून दाणे देण्याचे कितीतरी प्रयोग आहेत. प्रत्येक वेळी दाणा मिळत असलेले कबुतर, दाणे बंद झाल्यावर लवकर प्रयत्न सोडते. ज्याला कधी दाणा मिळे आणि कधी न मिळे, ते मात्र दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारीतच राहते. पुढच्या खेपेस मिळेल अशी त्याला आशा असते. जत्रेतल्या सोडतीपुढे माणसे का खिळून राहतात, याचेही कारण हेच असावे. चार वेळांत एकदा ओढून पुढे जायला मिळाले, की कुत्रा त्या कबुतरासारखा चिवट होतो. म्हणून घरातील सर्वांनी आधी आपसांत ठरवावे आणि मग कुत्र्याला शिकवायला घ्यावे. एखाद्या दिवशी खरोखरच वेळ नसेल, तर त्या दिवशी फिरायला न नेता अंगणात त्याच्याशी खेळावे. पण ओढू देऊ नये.

मोठ्या माणसांना एवढे सगळे समजावणे मुलाला कुत्र्यापेक्षा जड जाते, हेही खरे.

एक गोष्ट मात्र कुत्र्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. सैल दोरीने चालणे म्हणजे पलटणीतल्या शिपायासारखे पावलाला पाऊल लावून चालणे नव्हे. दहावीस पावले तो नीट चालला, की ‘जा’ म्हणून त्याला बांधाकडे सोडावे आणि पोटभर हुंगू द्यावे. पुष्कळ कुत्र्यांना भाकरीच्या तुकड्याहून हे बक्षीस मोठे वाटते. ज्या वासासाठी तो ओढत होता, तोच वास आता न ओढण्याची मजुरी म्हणून मिळू लागतो.

कुत्र्याला ‘आता ओढ’ आणि ‘आता ओढू नकोस’ हे दोन्ही शिकवता येते, याचा पुरावा पोलिसांच्या श्वानपथकांत दिसतो. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली सुरू झाले, आणि राज्यातील पोलीस दलांसाठी कुत्र्यांना शिक्षण देणारे केंद्र पुण्यात आहे. माग काढणारा कुत्रा एरवी शिक्षकाच्या पायाशी चालतो. मागावर सोडायचे असते तेव्हा त्याला निराळा छातीपट्टा घालून लांब दोरी लावतात. तो पट्टा अंगावर चढला, की आता नाक खाली घालून पुढे व्हायचे आणि माणसाला मागून न्यायचे, हे त्याला समजते. तेथे ताणलेली दोरी हेच बोलणे असते; तिच्यावरून शिक्षकाला मागाची खात्री कळते. मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या वेळी पुण्यात शिकलेल्या एका लॅब्रॅडॉर कुत्र्याने वासावरून तीन हजार किलोग्रॅमहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्यास मदत केली आणि अगणित माणसांचे प्राण वाचवले. २००० साली तो मरण पावला. त्याचे नाव होते जंजीर, म्हणजेच साखळी.

खरी साखळी मात्र वस्तीवरच्या कुत्र्याच्या दुःखाचे मूळ असते. दिवसभर दोन हात साखळीला बांधलेला कुत्रा संध्याकाळी सुटला, की त्याच्या अंगात कोंडलेला सारा दिवस एकदम बाहेर पडतो. अशा कुत्र्याला दोरीचा धडा देण्यापूर्वी कुंपणाच्या आत थोडे धावू दिले पाहिजे. ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, प्राण्याला फार आखूड किंवा फार जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा अपराध मानला आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही अपराध त्यात स्पष्ट शब्दांत सांगितला आहे.

उसाच्या पट्ट्यात आणि अकोले, संगमनेरकडे साखळीचा धोका रात्री आणखी वाढतो. अकोले परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्यांच्या खाद्यात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मोकळा कुत्रा पळून घरात तरी शिरू शकतो. खुंट्याला बांधलेल्याला तेवढीही संधी नसते. राखणीसाठी म्हणून ज्याला बाहेर बांधले, त्याची राखण कोणी करायची? म्हणून जाणते शेतकरी अंधार पडताच कुत्र्याला पडवीत किंवा गोठ्यात घेऊन दार लावतात. दोरीने नीट चालायला शिकलेला कुत्रा या वेळीही मुकाट्याने आत येतो.

राहुरीच्या त्या वस्तीवर आता महिना उलटला आहे असे समजावे. संध्याकाळी तांबडा कुत्रा आणि मुलगा पाटाच्या वाटेने निघाले आहेत. ताईने पहिल्या आठवड्यात कुरकूर केली, काकांना दोनदा सांगावे लागले, आणि मुलाच्या खिशातल्या भाकरीला मुंग्या लागल्या तो प्रकार निराळाच. कुत्रा अजूनही मांजर दिसले की झेपावतो. पण दोरी ताठ होताच आपणच मागे वळून पाहतो. सडकेपाशी उसाची बैलगाडी येताना दिसते. मुलगा कडेला थांबतो. गाडी खडखडत पुढे जाते, वाढ्यांची पाने धुळीत घासत जातात, आणि गाडीवानाच्या हातातला कासरा व मुलाच्या हातातली दोरी, दोन्हींना झोळ पडलेला असतो. मग कुत्रा मान वर करून मुलाकडे बघतो, आणि मुलगा भाकरीसाठी खिशात हात घालतो.